नंदीच्या पोटात काय?

येरमाळ्याच्या प्रेमलाबाईंच्या पुढच्या खोलीत काचेचं एक कपाट आहे. वरपासून खालपर्यंत त्यात एकच खेळणं मांडलेलं आहे: चार चाकांच्या पाटावर उभा असलेला नंदी, दोरीनं ओढला की मान हलवणारा. तांबडा, पिवळा, निळा, कुणाच्या पाठीवर झूल, कुणाच्या गळ्यात घुंगरू. असे पंधरा नंदी प्लॅस्टिकचे. सगळ्यांत वरच्या फळीवर एकटा सोळावा, लाकडाचा, रंग उडालेला.

नवा पाहुणा हमखास म्हणतो, "लई हौस दिसतीय तुम्हाला खेळण्याची."

"हौस कसली," प्रेमलाबाई म्हणतात. "ठाण्यात चोरांचे फोटो लावत्यात न्हाय का भिंतीला? तसं हाय ते."

लोक खेळणी मायेनं जमवतात. प्रेमलाबाईंनी ती डूख धरून जमवली. तेवीस वर्षं त्या अंगणवाडीत होत्या. बांधा ठेंगणा, चालणं ताठ, आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नाही. राग आला की हातातलं काम त्या जास्त नीट करतात. त्यांचे यजमान धनाजी सांगतात, "आमच्या घरी भाकर अगदी गोल आली की समजायचं, आज काहीतरी बिनसलंय."

त्यांचे वडील बंडप्पा सुतार. वर्षभर कुळव, तिफणी, दारं-खिडक्या करायचे आणि पौष लागला की नंदी करायला घ्यायचे. चैत्रात येडेश्वरीची जत्रा भरायची. बंडप्पा पोत्यावर नंदी मांडून बसायचे आणि चार दिवसांत पोतं मोकळं व्हायचं. त्यांच्या नंदीची एक खुबी होती. गाडा ओढला की मान हलायचीच, पण गाडा थांबल्यावरही नंदी सहा-सात वेळा हळूहळू मान हलवत राहायचा. खरा नंदीबैल कसा, मालकाचं बोलणं संपलं तरी विचार केल्यासारखा डोलत राहतो, अगदी तसा.

हे पोटातल्या खड्यामुळं व्हायचं. नंदीची मान एका पातळ काडीवर तोललेली असायची. काडीचं खालचं टोक पोटाच्या पोकळीत उतरायचं आणि त्याला दोऱ्यानं एक खडा टांगलेला असायचा. तो खडा झुलायचा तोवर मान झुलायची. खडा आत सोडला की बंडप्पा पोटाखालचं भोक लाखेनं बंद करायचे. त्या जागी रुपयाएवढा गोल राहायचा. खडाही कुठला तरी चालायचा नाही. जत्रेत पालखी चुन्याच्या रानात जाते, तिथं माणसं चुनखडीचे खडे वेचून देवीच्या नावानं ढिगावर टाकतात. बंडप्पा देवीचे खडे टाकून झाले की पुढच्या सालच्या नंदींसाठी रानाच्या कडेचे मूठमूठ खडे धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे.

जत्रेतली पोरं विचारायची, "बंडूआज्या, ह्याच्या पोटात काय हाय?"

"त्यालाच इचारा की," ते म्हणायचे आणि दोरी ओढायचे.

चाळीस वर्षांपूर्वीची एक जत्रा संपल्यावर त्यांच्या अंगणात एक जीप आली. जीपमधून उतरलेल्या माणसाचं नाव कृष्णराज. तीस-पस्तिशीचा, पांढऱ्या बुटांचा. शहरात खेळण्यांचा कारखाना काढतोय म्हणाला. चिंचेखाली बाज टाकली, चहा झाला, भाकरी-पिठलं झालं. तीन तास तो बसून होता. पाट उचलून बघितला, चाक फिरवून बघितलं, रंगाच्या वाट्या हुंगून बघितल्या. जाताना म्हणाला, नमुना म्हणून एक नंदी हवा.

सगळे नंदी जत्रेत गेले होते. घरात एकच उरला होता, तो बारा वर्षांच्या प्रेमलाचा. ओट्यावरून पडून त्याचं डावं शिंग तुटलं होतं आणि बंडप्पांनी चिंचेच्या लाकडाचा तुकडा बसवून ते नीट केलं होतं. तुकडा अर्धं बोट आखूड निघाला होता.

"दे गं," बंडप्पा म्हणाले. "तुला दुसरा करतो."

प्रेमलानं आपल्या हातानं नंदी त्या माणसाच्या हातात दिला. त्यानं तिच्या गालाला चिमटा घेतला आणि म्हणाला, "पाचशे नंदी तयार ठेवा. पुढच्या जत्रेआधी येतो."

बंडप्पांनी वर्षभर दुसरं काम धरलं नाही. पाचशे नंदी केले, पाचशे खडे टांगले. अंगणातून चालायला वाट राहिली नव्हती. जत्रा आली, जीप आली नाही. शेठ येईल, माल कमी नको पडायला, म्हणून तीन दिवस त्यांनी एकही नंदी जत्रेला नेला नाही. चौथ्या दिवशी रिकाम्या हातानं बघायला गेले आणि एक प्लॅस्टिकचा नंदी घेऊन परत आले. जत्रेत त्यांच्याच जागेसमोर ढीग लागला होता म्हणे.

ओसरीवर त्यांनी तो नंदी ठेवला. दोरी ओढली, मान हलली. दोरी सोडली, मान जागच्या जागी थांबली. चाकाला जोडलेल्या तारेनं हलणारी मान ती, चाक थांबल्यावर हलणार कशी? बंडप्पांनी नंदी उलटा केला. पोटाखाली रुपयाएवढा गोल होता, साच्यात उठवलेला. त्यांनी त्यावर नखानं वाजवून बघितलं.

"पोट रिकामं हाय ह्याचं," ते म्हणाले.

प्रेमला पोटाकडं बघत नव्हती. ती शिंगाकडं बघत होती. डावं शिंग अर्धं बोट आखूड होतं. म्हणजे जत्रेतल्या सगळ्या ढिगात, प्रत्येक नंदीचं डावं शिंग अर्धं बोट आखूड होतं. नंदीचं पडणं, तिचं रडणं, बापानं बसवलेला तुकडा, सगळं त्या माणसानं साच्यात ओतलं होतं.

पाचशे नंदी नंतर असेच गेले. काही पाहुण्यांच्या पोरांना, काही पावसात भिजून, काही चुलीत. बंडप्पांनी पुन्हा नंदी केला नाही. बाजा केल्या, दारं केली, आणि पंधरा वर्षांनी गेले. प्रेमलानं त्या पाचशेतला एक नंदी लग्नात रुखवताच्या मागं लपवून सासरी नेला. तोच वरच्या फळीवरचा.

इतकं होऊनही चाळिशीपर्यंत त्यांनी हे कुणाजवळ काढलं नव्हतं. मग एके दिवशी अंगणवाडीत कुणीतरी भेट दिलेली खेळण्यांची पेटी आली. पेटीत नंदी होता. आता त्याची दोन्ही शिंगं सारखी होती, किंमत वाढली होती आणि खोक्यावर एका हसऱ्या म्हाताऱ्याचा फोटो होता. फोटोखाली छापलं होतं: 'आजोळच्या अंगणात मी माझ्या हातांनी घडवलेला पहिला नंदी, तुमच्या मुलांसाठी.' आणि पोटाखालच्या त्या गोलात आता वळणदार सही होती. कृष्णराज.

त्या दिवशी अंगणवाडीतल्या पोरांच्या ताटात उपमा असा पडला म्हणे की एक दाणा इकडचा तिकडं नाही.

तेव्हापासून त्या नंदी जमवू लागल्या. प्रत्येक नव्या साच्याचा एकेक. त्यातूनच त्या आमच्या मंडळात आल्या. जिल्ह्यातल्या खेळणी जमवणाऱ्यांचं आमचं मंडळ म्हणजे जेमतेम दहा-बारा माणसं. तेरचे अंबादास सर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, मातीची खेळणी जमवतात. परंड्याचा श्रीनाथ किल्लीवरच्या पत्र्याच्या मोटारी जमवतो. मी भातुकली जमवते आणि अक्षर बरं म्हणून मंडळाची वही लिहिते. आखूड शिंगाचा पहिल्या सालचा नंदी प्रेमलाबाईंना सहा वर्षं मिळत नव्हता. तो श्रीनाथनं परंड्याच्या एका बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावरून काढून दिला. प्रेमलाबाईंनी तो हातात घेतला, शिंगावरून अंगठा फिरवला आणि नुसतं म्हणाल्या, "आला का तू."

गेल्या हिवाळ्यात मंडळानं धाराशिवला प्रदर्शन ठरवलं. पाहुणा म्हणून कुणाला बोलवायचं, यावर प्रेमलाबाईंनी शांतपणे एकच नाव सुचवलं. कृष्णराजशेठांनी आनंदानं होकार कळवला. वय झालंय, भाषण जमणार नाही, संग्राहकांनी दहा प्रश्न काढावेत, मी उत्तरं देईन, असं त्यांचं पत्र आलं. प्रश्न आधी पाठवा अशी विनंतीही होती.

ते दहा प्रश्न काढायला आम्ही तेरला अंबादास सरांच्या ओसरीवर जमलो. सकाळचं ऊन होतं. सरांची मातीची हत्ती-घोडी उन्हाला ठेवलेली होती. मी वही उघडली.

श्रीनाथनं खिशातून कागदच काढला. "एक नंबर माझा. किल्लीवरच्या मोटारी बंद का केल्या?"

"खोडा ते," प्रेमलाबाई म्हणाल्या.

"का ओ ताई? दहा वर्षं झाली, किल्ल्या मिळत न्हाईत मला. निम्म्या गाड्या मुक्या पडल्यात."

"तक्रार हाय त्यात. पहिल्याच घासाला हरभरा कच्चा लागला की माणूस पुढं जपून जेवतो. पहिले चार प्रश्न गोड पाहिजेत."

"ही मुलाखत आहे का पाहुणचार?" अंबादास सर हसले.

"पाहुणचारच हाय, सर. चाळीस वर्षांनी येतोय माणूस. मागच्या वेळी आमच्याकडं जेवून गेला, तवा म्या लहान होते. नीट वाढायचं राहून गेलं."

सर हसायचे थांबले.

मग आम्ही गोड प्रश्न काढले. कारखाना कसा उभा राहिला? पहिला कामगार कोण? लहानपणी कोणतं खेळणं आवडायचं? मुलं भेटली की काय म्हणतात? प्रेमलाबाई एकेक ऐकायच्या आणि मान डोलवायच्या. पाचवा त्यांनी स्वतः सांगितला: पहिला नंदी तुम्ही कुठं आणि कसा घडवला? सहावाही त्यांचाच: त्यात दुसऱ्या कुणाचा हात होता का?

"असेल तर सांगतील की ते," मी म्हणाले.

"सांगू दे. सांगितलं तर पुढचे चार प्रश्न श्रीनाथच्या किल्ल्यांचे इचारा. माझं काम झालं." त्या माझ्याकडं बघत होत्या. "वाट मोकळी ठेवलीय, पोरी. न्हाय म्हणायची जबरदस्ती न्हाय त्याला."

सातवा श्रीनाथनं सुचवला: जुन्या नंदीचं डावं शिंग आखूड का होतं? प्रेमलाबाईंनी तोही खोडायला लावला. "शिंग म्हणलं की त्याला आमचं अंगण आठवंल. आत्ताच कशाला आठवून द्यायचं?" तिथं श्रीनाथचा किल्ल्यांचा प्रश्न बसला, बिचाऱ्याला तेवढंच समाधान. आठ आणि नऊ रंगांचे, साच्यांचे काढले. सगळं घोडं दहाव्यावर अडलं.

पहिल्यांदा त्यांनी मला लिहायला लावलं: 'तुम्ही माझ्या वडिलांचा नंदी चोरला की नाही?'

"हा प्रश्न नाही, प्रेमलाताई," सर म्हणाले. "हा फटका आहे. फटका बसला की माणूस अंग आखडतो. प्रश्नाला तोंड उघडतो."

लिहिलं, खोडलं. वहीचं ते पान माझ्याकडं अजून आहे. नऊ वेळा खोडलेलं. प्रत्येक वेळी वाक्य लहान होत गेलं. वडील गेले, चोरी गेली, साल गेलं, जत्रा गेली. दुपारी सरांच्या सूनबाईंनी जेवायला वाढलं तेव्हा ताटावरून हात थांबवून प्रेमलाबाई म्हणाल्या, "लिही. नंदीच्या पोटाखालचा गोल कशासाठी आहे?"

श्रीनाथ म्हणाला, "एवढंच? हे तर शेंबडं पोरगं इचारंल."

"पोरंच इचारायची. हा तीन तास बसला होता, ह्यानं न्हाय इचारलं. नंदीच्या पोटात काय हाय, मान का हलती, एक शब्द इचारला न्हाय. नुसतं बघितलं आन् घेऊन गेला." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आता आमी इचारू."

प्रश्न टपालानं गेले. शेठचं उत्तर आलं, 'फार सुंदर प्रश्न. विशेषतः दहावा.'

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. येरमाळ्याहून एक जीप भरून बाया आल्या होत्या. कृष्णराजशेठ काठी टेकत आले. पांढरे बूट तसेच. माणूस गोड होता, हे लिहिलं पाहिजे. लोकांना हसवत होता, नऊ प्रश्न त्यानं असे उडवले की श्रीनाथसुद्धा किल्ल्यांचं दुःख विसरून टाळ्या वाजवत होता. पाचव्याला त्यानं आजोळचं अंगण सांगितलं. चिंचेचं झाड, बाज, रंगाच्या वाट्या. माझ्या शेजारी प्रेमलाबाईंनी पिशवीवरचा हात घट्ट केला. सहाव्याला तो म्हणाला, "दुसरा हात? नाही हो. हे दोनच." आणि आपले दोन्ही हात वर करून दाखवले.

दहावा मी वाचला.

"वा," तो म्हणाला. "बघा, इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तो गोल माझ्या सहीसाठी. पहिल्याच दिवशी मी ठरवलं होतं, कारागिराचं नाव प्रत्येक नंदीवर पाहिजे. म्हणून पहिल्या साच्यातच ती जागा ठेवली."

टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर प्रेमलाबाई उठल्या आणि शेठच्या पुढच्या टेबलापाशी गेल्या. पिशवीतून पहिल्या सालचा नंदी काढून त्यांनी उलटा ठेवला.

"हा तुमचा पहिला. सही दिसत न्हाय ह्याच्यावर. पुढं अठ्ठावीस वर्षं कुठल्याच नंदीवर न्हाय. माझ्याकडं सगळ्या साच्यांचे हायेत, घरी या बघायला."

"राहून गेली असेल," तो हसून म्हणाला.

"राहिली असंल. आता हे बघा." त्यांनी तो सरळ करून ओढला आणि थांबवला. मान थांबली. मग लाकडाचा नंदी काढला, ओढला आणि थांबवला. नंदी मान हलवत राहिला. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी मोजायला सुरुवात केली आणि सगळं सभागृह मोजू लागलं. सातला मान थांबली. शेठही ओठांतल्या ओठांत मोजत होता. ती हालचाल त्यानं याआधी कधी नीट पाहिलीच नसावी.

प्रेमलाबाईंनी पिशवीतून बारीक पटाशी काढली. लाकडी मूठ घासून गुळगुळीत झालेली, त्यांच्या वडिलांची. काय करणार ते मला तेव्हा कळलं. शेवटचा नंदी होता तो. मी "मावशी, नको" म्हणाले, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी नंदी आडवा केला आणि चाळीस वर्षांची लाख खरवडून काढली. हात अजिबात हलत नव्हता. दोरा तुटला आणि टेबलावर एक पांढुरका खडा पडला.

येरमाळ्याच्या बायांत म्हाताऱ्या कस्तुराबाई होत्या. त्या उठूनच उभ्या राहिल्या. "अगं बया! चुन्याच्या रानातला खडा हाय की गं हा!"

"व्हय," प्रेमलाबाई म्हणाल्या. मग शेठकडं वळून, "गोल कशासाठी, तर ह्याच्यासाठी. आन् तुमच्या नंदीचं डावं शिंग आखूड का, तर म्या ओट्यावरून पाडला होता म्हणून."

शेठ शिंगाकडं बघत राहिला. मग त्याचा चेहरा सैल पडला. "चिंचेखाली," तो म्हणाला. "एक मुलगी होती."

"होती."

माणूस अनुभवी, सावरला लवकर. टेबलाला धरून उठला. "बाई, चूक झाली. ती मी सुधारतो. सगळ्यांसमोर सांगतो, पुढच्या मालापासून नंदीवर माझ्या जागी तुमच्या वडिलांचं नाव येईल. काय नाव त्यांचं?"

अंबादास सरांचे डोळे भरले. मलाही वाटलं, झालं. इतक्या वर्षांचं फिटलं.

"तीन तास बसला होता अंगणात," प्रेमलाबाई म्हणाल्या. "तवा इचारायचं. सांगितलं असतं."

"आता विचारतो ना. हात जोडून विचारतो."

"न्हाय सांगणार. रिकाम्या पोटावर त्यांचं नाव लागू देणार न्हाय म्या. तुमचं काढा. दुसरं काही नको."

शेठनं समोर बघितलं. रांगांवरून त्याची नजर फिरली, कुणीतरी सांगेल म्हणून. त्या सभागृहात निदान तीस माणसांना ते नाव माहीत होतं. कस्तुराबाईंनी पदर तोंडाला लावला. श्रीनाथनं मान खाली घातली. सरांनी तोंड उघडलं होतं, प्रेमलाबाईंनी त्यांच्याकडं एकदा बघितलं, त्यांनी मिटलं. शेवटी शेठनं आमच्या वहीत, त्या दहा प्रश्नांच्या पानाखाली, सही काढून टाकतो असं स्वतःच्या हातानं लिहिलं आणि खाली तीच वळणदार सही केली.

शब्द पाळला त्यानं. उन्हाळ्यात नवा माल आला तेव्हा पोटाखालचा गोल कोरा होता. खोक्यावरचा फोटो आणि आजोळ दोन्ही गेलं होतं. तो नंदी कपाटात पंधरावा प्लॅस्टिकचा म्हणून बसलाय. प्रेमलाबाई दर महिन्याला दुकानात जाऊन एक नंदी उलटा करून बघून येतात, सही परत तर आली नाही ना.

परवा मी गेले तेव्हा कारखान्याचं पत्र आलेलं होतं. तिसरं. शेठ आजारी असतात, त्यांची फार इच्छा आहे, कृपया वडिलांचं नाव कळवावं. धनाजीकाकांनी पत्र माझ्याकडं दिलं आणि हळूच म्हणाले, "बघ बाई, तुझं ऐकत्यात त्या. म्हातारा माणूस हाय. सांगून टाक म्हणावं."

मी पत्र वाचून दाखवलं. प्रेमलाबाई भाकरी थापत होत्या. वरच्या फळीवर लाकडी नंदी मान टाकून उभा होता आणि त्याच्या पायाशी खडा ठेवलेला होता. पोट उघडंच होतं.

"खडा बांधून लाख लावू या का परत?" मी विचारलं. "डोलेल."

"राहू दे. आला कधी तर दाखवायला लागंल."

"आणि पत्राला काय लिहू?"

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. अगदी गोल आली होती.

"काही लिहू नको," त्या म्हणाल्या. "इचारू दे त्याला."